नेरळच्या पावसात पूडल

पाळायचं कुत्रं निवडून आणणं ही कर्जत तालुक्यात अगदी अलीकडची गोष्ट आहे. मी याच भागात पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी केली. नेरळ, कळंब, कशेळे या पट्ट्यातल्या गोठ्यांमध्ये माझी उमेदीची वर्षं गेली. त्या काळी आळीतली कुत्री व्याली की पिल्लं दुडदुडायला लागेपर्यंत थांबायचं आणि एक उचलून घरी आणायचं. नर हवा की मादी, एवढाच काय तो प्रश्न.

कुत्र्याला काम असे. ठाकूर आणि कातकरी वाड्यांवरची कुत्री माणसांबरोबर रानात जात, रात्री भाताच्या खळ्यावर राखणीला थांबत, रानडुक्कर आलं की भुंकून मालकाला उठवत. माथेरानच्या उतारावर राहणाऱ्या गवळी धनगरांना वासरांजवळ बिबट्याची चाहूल देणारं कुत्रं लागायचं. खंडोबाचं म्हणून त्याला भाकरीचा पहिला तुकडा घालणारी घरं मी पाहिली आहेत. आखूड केस, उभे कान, सडपातळ अंग असं हे जनावर. चार महिने झोडपणारा पाऊस आणि रान यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवड करून ठेवली होती, माणसाला ती करावी लागत नव्हती.

विलायती कुत्रं नेरळला आलं ते माथेरानच्या वाटेवर. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट चौक गावाच्या बाजूने माथेरानचा डोंगर चढले आणि थंड हवेचं ठिकाण वसू लागलं. १८५६ मध्ये जीआयपी रेल्वेचे रूळ नेरळवरून खोपोलीपर्यंत पोहोचले. पुढे पीरभॉय कुटुंबाने दोन फूट रुंदीच्या रुळांवरची छोटी गाडी बांधली आणि १९०७ मध्ये ती नेरळहून माथेरानला धावू लागली. मुंबईचे साहेब, पारशी आणि बोहरी कुटुंबं वर बंगले बांधून राहू लागली. त्यांच्यात कुत्र्यांचे शौकीन पुष्कळ होते.

पारशी समाजाचं कुत्र्याशी नातं शौकाच्या पलीकडचं आहे. त्यांच्या अंत्यविधीत कुत्र्याला मृतदेह दाखवण्याचा ‘सगदीद’ हा विधी असतो. १८३२ मध्ये मुंबईत भटकी कुत्री मारण्याचा हुकूम निघाला, दर कुत्र्यामागे आठ आणे मिळू लागले, तेव्हा हाच समाज रस्त्यावर उतरला आणि शहराचे व्यवहार थांबले. पुढे १८८३ मध्ये सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळला बाई साकरबाई पेटिट जनावरांचं रुग्णालय उभं राहिलं आणि १८८६ मध्ये त्याच आवारात मुंबईचं पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं. आमच्या खात्यातल्या कितीतरी डॉक्टरांचं शिक्षण तिथे झालं.

या इतिहासातली एक बाब आज फार महत्त्वाची वाटते. माथेरानचा हंगाम ऑक्टोबर ते मे. मृगाच्या आधी बंगल्यांना कुलपं लागत आणि मंडळी मुंबईला परतत. जुने घोडेवाले सांगत, की त्यांची झुपकेदार केसांची कुत्रीही टोपलीतून खाली येत आणि रेल्वेने जात. म्हणजे लांब केसांचं विलायती कुत्रं या भागात येऊन गेलं, पण इथला पावसाळा त्याने कधी काढला नाही.

आता तसं राहिलेलं नाही. लोकलच्या जोरावर नेरळला बाराही महिने राहणारी कुटुंबं वाढली, गृहसंकुलं उभी राहिली आणि पूडलच्या संकराची पिल्लं घरोघर दिसू लागली. लॅब्राडूडल, कॉकापू, कॅव्हापू अशी त्यांची नावं. निवृत्तीनंतरही लोक मला विचारायला येतात, म्हणून या कुत्र्याचं मूळ सांगतो.

पूडल हे पाण्यातलं शिकारी कुत्रं. गोळी लागून पाण्यात पडलेलं बदक ते पोहत जाऊन आणत असे. त्याचे केस माणसाच्या केसांसारखे वाढतच राहतात. पोहताना जड होऊ नये म्हणून ते कातरत आणि छाती, सांधे उबदार राहावेत म्हणून तिथले ठेवत. आज शोभेची वाटणारी ती कातरणी कामातून आली.

लॅब्राडूडलचा जन्मही कामासाठीच झाला. १९८०च्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियात अंधांसाठी कुत्री तयार करणाऱ्या संस्थेत वॉली कॉनरन हे गृहस्थ होते. हवाई बेटांवरच्या एका अंध बाईंना वाट दाखवणारं कुत्रं हवं होतं, पण त्यांच्या नवऱ्याला कुत्र्याच्या केसांची ॲलर्जी. कॉनरन यांनी लॅब्राडॉर आणि पूडल यांचा संकर केला. तीन पिल्लं झाली, त्यांचे केस आणि लाळ हवाईला पाठवली. तिघांपैकी एकाचाच त्रास त्या बाईंच्या नवऱ्याला झाला नाही. पुढे बाजारात या संकराचं पेव फुटलं, तेव्हा कॉनरन यांनीच जाहीर खेद व्यक्त केला.

तिघांपैकी एक, हा आकडा पिल्लू घेणाऱ्याने लक्षात ठेवावा. ‘याचे केस गळत नाहीत, ॲलर्जी होत नाही’ असं विकणारा छातीठोक सांगतो. नेदरलँड्समध्ये २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा कुत्र्यांच्या केसांत ॲलर्जी आणणारं प्रथिन इतरांपेक्षा कमी आढळलं नाही. घरात दम्याचं माणूस असेल तर आधी त्याला त्या पिल्लाजवळ आणि त्याच्या आईजवळ दोन-चार वेळा बसवावं, मगच ठरवावं.

संकर म्हणजे काय हे आम्ही गाईंवर शिकलो. १९६७ मध्ये मणिभाई देसाई यांनी उरुळीकांचनला ‘बाएफ’ ही संस्था काढली आणि संकरित गाय महाराष्ट्रभर पोहोचली. पहिल्या पिढीची कालवड बरीच एकसारखी निपजे, पुढच्या पिढीत गुण विखुरत. ज्याने सावली, पाणी, हिरवा चारा आणि गोचिडांचा बंदोबस्त केला त्याचा गोठा भरला. ज्याने नुसतं दूध पाहिलं तो तोट्यात गेला. पूडलच्या संकराचंही तसंच आहे. एकाच वेतातलं एक पिल्लू कुरळं, दुसरं सरळ केसांचं निघतं. पूडलकडून डोळ्यांच्या पडद्याचा आजार येऊ शकतो, लहान चणीत गुडघ्याची वाटी सरकते, मोठ्यात खुब्याचा सांधा बिघडतो. म्हणून आईबापांच्या तपासण्यांचे कागद मागावेत आणि आई डोळ्यांनी पाहावी. २०१७च्या केंद्रीय नियमांप्रमाणे कुत्र्यांची पैदास करणाऱ्याला नोंदणी सक्तीची आहे आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. स्टेशनबाहेर गाडीच्या डिकीतून पिल्लू देणाऱ्याकडून ते घेऊ नये.

आता नेरळचा पाऊस. गळणारा केस या कुत्र्याच्या अंगावरच्या कुरळ्या केसांतच अडकतो, ओल धरतो आणि त्याची जट होते. वरून ब्रश फिरवून भागत नाही, लोखंडी कंगवा कातडीपर्यंत गेला पाहिजे. कानामागे, काखेत, जांघेत रोज पाहावं. जट झाल्यावर आंघोळ घातली तर ती आणखी आवळते, म्हणून आधी विंचरणं, मग पाणी, मग मुळापर्यंत कोरडं करणं. मे अखेरीस केस आखूड कातरून घ्यावेत, पंजाच्या गाद्यांमधलेही. लोंबत्या कानांत ओल राहिली की कान सडतो. कानाला वास आला, कुत्रं डोकं झटकू लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावं.

त्याहून मोठा शत्रू गोचीड. दाट केसांत ती दिसत नाही, बोटांनी चाचपावी लागते. बोटांच्या बेचक्यांत, कानांत, पट्ट्याखाली रोज शोधावी. ताप, अन्नावरची वासना जाणं, पांढुरक्या हिरड्या, नाकातून रक्त ही गोचीड तापाची लक्षणं. लगेच रक्त तपासावं. भातखाचरांच्या साचलेल्या पाण्यातून उंदरांच्या मुतामुळे लेप्टो होतो, तो माणसालाही होतो. त्याची लस कुत्र्याला पावसाळ्याआधी द्यावी. रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमाराला सुरू करावी आणि पुढे दरवर्षी चुकवू नये.

हे सारं करणारी घरं नेरळमध्ये आहेत आणि त्यांची कुत्री देखणी, आनंदी आहेत. पण सकाळी सहाची लोकल पकडून रात्री नऊला परतणाऱ्या घरात हे कुत्रं आणू नये. ज्यांना रोज अर्धा तास विंचरायला आणि दीड-दोन महिन्यांनी कातरायला जमणार नाही, त्यांनी आळीतलं एक पिल्लू घरी न्यावं, त्याला लसी द्याव्यात आणि वेळेवर त्याचं निर्बीजीकरण करावं. या मातीत आणि या पावसात तगेल असं कुत्रं आपल्या दारातच जन्मतं आहे, त्याला घर मिळालं पाहिजे.