माचू पिच्चूचे पहिले वाटाडे

कुस्कोहून पहाटे निघून, उरुबाम्बा नदीच्या खोऱ्यातून आगगाडीने जाऊन, वाटाड्याच्या सोबतीने माचू पिच्चूचे भग्नावशेष पाहून रात्री मुक्कामी परतण्याचा जो प्रघात आज रूढ आहे, त्याच्या पूर्वेतिहासात असे दिसते की, ज्या अमेरिकन अध्यापकाच्या नावाशी या स्थळाची कीर्ती निगडित झाली, तो हायरम बिंगॅमही तेथे वाटाड्याच्या मागोमागच गेला होता.

२४ जुलै १९११ रोजी, रिमझिम पावसात डोंगर चढण्यास प्रथम नाखूष असलेला मेल्चोर आर्तेआगा हा शेतकरी, नेहमीच्या मजुरीच्या तिप्पट-चौपट, म्हणजे एक सोल, देण्याच्या कबुलीवर तयार झाला. दुभाषी म्हणून पेरूच्या सैन्यातील सार्जंट कारास्को बरोबर होता. वर पोहोचल्यावर दिसले ते असे की, सारावसुली करणारे आणि सैन्यभरतीसाठी माणसे हुडकणारे अंमलदार जेथे सहसा फिरकत नाहीत, अशा त्या निर्वेध जागी रिचार्ते व आल्वारेस ही कुटुंबे इंकांनी बांधलेल्या पायऱ्यांच्या शेतांत मका, रताळी, ऊस पिकवीत नांदत होती. आणि प्रत्यक्ष अवशेषांतून बिंगॅमला फिरविले ते तेथल्या एका लहान मुलाने. भिंतीवर आगुस्तिन लिसारागा या त्या खोऱ्यातील रहिवाशाचे नाव १९०२ या सालासह लिहिलेले होते. अशा वसत्या जागेला ‘हरवलेले नगर’ म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

पुढे उत्खननात निघालेल्या वस्तू येल विद्यापीठात गेल्या, आणि दीर्घ तंट्यानंतर २०११ पासून त्या पेरूस परत मिळू लागल्या; कुस्कोतील संग्रहालयात त्या आता पाहावयास मिळतात.