काळ्या पाटीवरील गाणें

माझ्या डोळ्यांत मोतीबिंदु उतरूं लागला, तेव्हांपासून संगणकाच्या पडद्यावरील इवलींइवलीं चित्रें मला दिसेनाशीं झालीं. गाणें थांबवावयाचें तर बाणाचें टोंक त्या चित्रावर नेमकें न्यावें लागे, आणि तें टोंकच मला सांपडत नसे. अखेर नातवानें एक काळा पडदा उघडून दिला. त्यावर चित्र एकहि नाहीं, नुसतीं ठळक अक्षरें. मनांत म्हटलें, ही तर आमची शाळेंतील पाटीच!

या पाटीचा इतिहास मात्र बराच मागें जातो. 1963 सालीं अमेरिकेंत ‘मॉडेल 33’ हें टेलिटाइप यंत्र निघालें. त्यावर संगणकास आज्ञा टंकावयाची आणि उत्तर कागदाच्या गुंडाळीवर छापून यावयाचें. वेग सेकंदास 10 अक्षरांचा! एवढ्या संथ यंत्रापुढें लांबलचक भाषा कोण वापरील? 1969 सालीं बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं ‘युनिक्स’ ही प्रणाली रचावयास घेतली. तिच्या कित्येक आज्ञा दोन-दोन अक्षरांच्याच आहेत.

पुढें कागद जाऊन कांचेचा पडदा आला. 1976 सालच्या ‘एडीएम-3ए’ या टर्मिनलवर बाणांसाठीं निराळ्या कळा नव्हत्या. एच, जे, के, एल या कळांवरच बाण छापलेले असत. बर्कले येथें बिल जॉय यांनीं आपला ‘व्हीआय’ हा संपादक अशाच यंत्रावर लिहिला व तींच अक्षरें उचललीं. तें यंत्र केव्हांच अडगळींत गेलें. पण आमच्या ‘सीमस’ नांवाच्या संगीतवादकांत आजहि ‘जे’नें यादींत खालीं उतरतां येतें, ‘के’नें वर चढतां येतें, ‘एच’नें गाणें 5 सेकंद मागें सरतें, ‘एल’नें तितकेंच पुढें. लहानपणीं एखादी तान पुन्हा ऐकावयाची तर ग्रामोफोनची सुई उचलून अंदाजानें ठेवीत असूं. तबकडीवर ओरखडा उठे आणि वडिलांचे बोल खावे लागत. आतां जुन्या तबकड्यांवरून उतरविलेलीं नाट्यपदें मी बेलाशक मागें नेतों. गाणें तात्पुरतें थांबवावयास ‘सी’, पुढील लावावयास ‘बी’. बोटांना जागा पाठ झाली कीं डोळ्यांचें कामच नाहीं.

वॉरेन ड्यूक्स यांनीं 2003 सालीं आरंभिलेल्या ‘म्युझिक प्लेअर डीमन’ची युक्ति याहून न्यारी आहे. डीमन म्हणजे पडद्याआड राबणारा सेवक. गाणें वाजविणारा तो एक, आणि त्यास हुकूम देणारा दुसरा, अशी फारकत येथें केली आहे. 6600 क्रमांकाच्या दारावर ‘प्ले’, ‘पॉज’, ‘सेटव्हॉल 40’ असे साधे शब्द धाडावे. काम झालें कीं तो ‘ओके’ म्हणतो. मीं पडदा मिटला तरी गाणें चालूच राहतें. मात्र हुकूम देणारे एकाहून अधिक असूं शकतात. परवां भैरवी रंगांत आली असतां आवाज एकाएकीं खालीं आला. यंत्र बिघडलें म्हणून मी उठलों, तों स्वयंपाकघरांत मंडळींच्या हातीं मोबाइल होता.