शेऱ्यांची सरासरी

मी केंद्रीय सेवेत दाखल झालो तेव्हा वार्षिक गोपनीय अहवालातील निवाडा शब्दांत होत असे: 'उत्कृष्ट', 'अतिशय चांगला', 'चांगला', 'सामान्य'. 2009 च्या आदेशांनी तेथे 1 ते 10 अंक आणले आणि मूल्यमापन आता वस्तुनिष्ठ झाले असे आम्हां सर्वांना वाटले. अर्थशास्त्राचा विद्यार्थी असूनही मलाही तसेच वाटले, हे कबूल करतो.

या समजुतीला जुना इतिहास आहे. 1932 मध्ये ब्रिटिश असोसिएशनने भौतिकशास्त्रज्ञ व मानसशास्त्रज्ञ यांची समिती नेमली. प्रश्न होता, माणसाची संवेदना मोजता येते काय? 1940 मध्ये अंतिम अहवाल आला, पण एकमत झाले नाही. (समित्यांत आयुष्य गेलेल्या माणसाला याचे नवल वाटू नये.) त्याच 1932 साली अमेरिकेत रेन्सिस लायकर्ट यांनी लोकांच्या मतांना 1 ते 5 अंक देण्याची पद्धत मांडली. ग्राहक-पाहणीच्या प्रश्नावल्या आजही तिच्यावरच चालतात.

समितीच्या वादाला हार्वर्डच्या एस. एस. स्टीव्हन्स यांनी 1946 मध्ये 'सायन्स' नियतकालिकात उत्तर दिले. त्यांच्या मते मोजपट्ट्या चार प्रकारच्या. खेळाडूच्या पाठीवरचा अंक हे केवळ नाव. शर्यतीतील क्रमांक केवळ क्रम सांगतो. पहिला दुसऱ्याच्या किती पुढे होता, ते सांगत नाही. तापमापकावरील अंशांमधले अंतर समान, पण शून्य सोयीने ठरवलेले. वजनाचे शून्य मात्र खरे, म्हणून तेथेच 'दुप्पट' म्हणता येते. क्रमाच्या अंकांची सरासरी काढणे काटेकोरपणे पाहता गैर, असे त्यांनी लिहिले; व्यवहारात ती काढली जाते व उपयोगीही पडते, हेही मान्य केले.

आमचे अंक क्रमाचेच. त्या आदेशांनुसार पदोन्नतीसाठी सरासरी काढताना 8 ते 10 म्हणजे 'उत्कृष्ट', गुण 9, 6 ते 8 च्या आत 7, 4 ते 6 च्या आत 5, त्याखाली शून्य. म्हणजे 6 आणि 7.9 समान, पण 7.9 आणि 8 यांत दोन गुणांची दरी! जुने शब्दच अंकांचा वेश घेऊन परतले.

एका कनिष्ठ सहकाऱ्याला मी 7.8 दिले होते. त्याने शांतपणे विचारले, "सर, 0.2 कुठे कमी पडले?" मला सांगता येईना. त्याने रीतसर निवेदन दिले. त्यावर माझे म्हणणे लिहायला बसलो, तेव्हा मी पुन्हा शब्दच शोधू लागलो.