दुर्बिणीतून तारा का निसटतो?

मोटर जोडलेली दुर्बीण गुरूवर रोखून ठेवावी आणि थोड्याच वेळात गुरू दृष्टिक्षेत्राच्या कडेला जाऊन नाहीसा व्हावा, हा हौशी आकाशनिरीक्षकांचा नेहमीचा अनुभव. दोष बहुधा मोटरच्या माथी मारला जातो. प्रत्यक्षात तो बरेचदा बैठकीच्या मांडणीत असतो. छायाचित्रणासाठी वांगणीसारख्या ठिकाणी जाऊन साधलेली अमावास्येची रात्र त्यापायी वाया जाते.

पृथ्वी स्वतःभोवतीची फेरी २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांत पूर्ण करते. त्यामुळे खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा दर सेकंदाला १५ विकला पश्चिमेकडे सरकतो. इक्वेटोरियल बैठकीचा ध्रुवाक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर असेल, तरच एका मोटरने ही गती भरून निघते. त्यासाठी ध्रुवाक्षाचा कल स्थानिक अक्षांशाइतका ठेवावा लागतो : मुंबईत सुमारे १९, पुण्यात साडेअठरा, नागपुरात २१ अंश.

तारा कोणत्या दिशेने निसटतो, हे आधी पाहावे. तो पश्चिमेकडे झपाट्याने जाऊन अर्ध्या अंशाच्या क्षेत्राच्या मध्यातून मिनिटभरात कडेला पोहोचत असेल, तर मोटरची गती अक्षापर्यंत पोहोचतच नाही. क्लच सैल असतो किंवा बॅटरी उतरलेली असते. वेग याच्या दुप्पट असेल, तर मोटर उलटी फिरते आहे. दक्षिण गोलार्धासाठीचे बटण चुकून दाबले गेलेले असते. तारा ठरावीक मिनिटांनी पूर्व-पश्चिम मागेपुढे डोलत असेल, तर ती वर्म गिअरची आवर्ती त्रुटी होय. १८० दातांच्या चाकात ती सुमारे आठ मिनिटांनी पुन्हा येते. ध्रुवजुळणी कितीही अचूक केली, तरी हा दोष जात नाही.

तारा उत्तरेकडे वा दक्षिणेकडे एकसारखा सरकत असेल, तर मात्र ध्रुवाक्ष चुकलेला आहे. अक्ष ध्रुवताऱ्यावर रोखला की काम झाले, हा समज अपुरा आहे. ध्रुवतारा खऱ्या ध्रुवापासून आज सुमारे ३८ कला दूर आहे. एवढ्या चुकीने तारा मिनिटाला जास्तीत जास्त दहा विकला सरकतो. डोळ्यांनी पाहणाऱ्याचे त्यात काही बिघडत नाही. दोन मिनिटांच्या छायाचित्रात मात्र ताऱ्याची रेघ उमटते. शिवाय आपल्याकडे ध्रुवतारा इतका खाली असतो, की धुरकट हवेत किंवा शेजारच्या इमारतीआड तो दिसतच नाही. होकायंत्रावर फार विसंबू नये. गच्चीच्या स्लॅबमधल्या लोखंडी सळ्या त्याची सुई फिरवतात.

अशा वेळी ताऱ्याच्या सरकण्यावरूनच अक्ष सुधारण्याची पद्धत उपयोगी पडते. तिला ध्रुवतारा लागत नाही. वेळ आणि चिकाटी लागते. प्रथम पाणसळीने तिपाई सपाट करावी, दुर्बिणीचा तोल साधावा. मग खगोलीय विषुववृत्ताजवळचा, याम्योत्तर वृत्तालगतचा तारा जास्त वर्धनाखाली न्याहाळावा. तो दक्षिणेकडे सरकला तर अक्ष ध्रुवाच्या पूर्वेला आहे, तो पश्चिमेकडे वळवावा. उत्तरेकडे सरकला तर उलट करावे. नंतर पूर्व क्षितिजावर सुमारे वीस अंश उंचीचा तारा घ्यावा. तो दक्षिणेकडे गेला तर अक्ष खाली आहे, उत्तरेकडे गेला तर वर आहे. तारा पश्चिमेचा घेतल्यास हे निष्कर्ष उलटतात, हे विसरू नये. नेत्रिकेतील दिशा फसव्या असतात. नळी किंचित ध्रुवाकडे ढकलावी; तारा ज्या बाजूला जाईल, ती दक्षिण.

मृगातील बाणाचा सर्वांत उत्तरेकडचा तारा या कामासाठी उत्तम, कारण तो विषुववृत्तापासून जेमतेम एक तृतीयांश अंश दूर आहे. डिसेंबरच्या मध्यास पुण्यातून तो रात्री आठला पूर्वेस २१ अंशांवर असतो आणि साडेबाराच्या सुमारास याम्योत्तर वृत्तावर येतो. चिकाटी असल्यास एकच तारा दोन्ही कामे भागवतो. एक अक्ष सुधारला की दुसरा थोडा बिघडतो, म्हणून हा क्रम दोन-तीनदा करावा. पाच मिनिटांत तारा हलला नाही, की जुळणी पुरेशी झाली. नेहमी त्याच गच्चीवरून निरीक्षण करणाऱ्यांनी तिपाईच्या तिन्ही पायांच्या जागा तेव्हाच रंगाने आखून ठेवाव्यात.