समुद्र झाडणारे मच्छीमार

पहिल्या महायुद्धातला समुद्र म्हटला की आपल्याला मोठमोठ्या युद्धनौका आणि जर्मन पाणबुड्या आठवतात. मासळी पकडणाऱ्या ट्रॉलरना त्या चित्रात जागा नसते. ब्रिटनची बंदरे चार वर्षे चालू राहिली, त्यात मात्र ग्रिम्सबी, हल, लोवेस्टॉफ्ट इथल्या मच्छीमारांचा वाटा फार मोठा होता.

पाणसुरुंग काय करू शकतो हे 1904 मध्ये रशिया-जपान युद्धात दिसले. पोर्ट आर्थरजवळ रशियाची ‘पेट्रोपावलोव्स्क’ ॲडमिरल मकारोव्हसह बुडाली. पुढच्याच महिन्यात जपाननेही दोन मोठ्या युद्धनौका अशाच गमावल्या. (सुरुंग म्हणजे मुळात भुयार. उर्दूतला ‘सुरंग’ आजही दोन्ही अर्थांनी चालतो. मराठीत बहुधा स्फोटच उरला.)

1907 मध्ये ॲडमिरल बेरेसफर्ड ग्रिम्सबीला गेले आणि सुरुंग काढायला ट्रॉलर वापरा, असे त्यांनी सुचवले. सूचना साधी होती, पण अक्कलेची. ट्रॉलरचे रोजचे काम म्हणजे जड जाळे समुद्राच्या तळावरून ओढणे. पोलादी तार, ती गुंडाळणारे यंत्र, ओढायला ताकदीचे इंजिन, सगळे बोटीवर आधीच होते. आणि तार हाताळणारी माणसे होती. तळाशी काही अडकले तर तारेच्या ताणावरून ते ओळखणे, हे कसब नौदलाच्या कुठल्या शाळेत मिळणार? दोन ट्रॉलर भाड्याने घेऊन चाचणी झाली आणि 1910 मध्ये राखीव नौदलात खास ट्रॉलर विभाग निघाला.

काम असे चाले. दोन ट्रॉलर काही अंतर ठेवून समांतर जात, मध्ये तार. ती ठरलेल्या खोलीवर राहावी म्हणून लाकडी ‘पतंग’ लावत. इंग्रजीतही त्याला पतंगच म्हणत. सुरुंगाला तळाशी बांधणारा दोर तारेत सापडून तुटला की सुरुंग वर येई, मग त्यावर रायफलीने गोळ्या झाडायच्या. धोका असा की सुरुंग पाण्याखाली थोड्याच फुटांवर असे आणि ट्रॉलरचे बूड खोल. म्हणून शक्यतो भरतीच्या वेळी काम करत. तरीही त्या युद्धात सुरुंग काढणारी दोनशेहून अधिक जहाजे ब्रिटनने गमावली.

दुसऱ्या महायुद्धात पुन्हा हेच लोक बोलावले गेले. लोवेस्टॉफ्टच्या एका बागेत, नाटकसंगीताच्या सभागृहात त्यांचा मुख्य तळ होता. हॅरी टेट नावाच्या विनोदी नटावरून लोक त्यांना ‘हॅरी टेटचे आरमार’ म्हणत. त्या थट्टेत थोडा तुच्छभाव होताच, असे मला वाटते. आज तिथल्या स्मारकावर 2,385 नावे आहेत. समुद्राखेरीज दुसरी कबर नसलेल्यांची.

हे सुरुंग आपल्या दारापर्यंतही आले होते. ‘वुल्फ’ या जर्मन जहाजाने 1917 च्या फेब्रुवारीत मुंबईसमोर सुरुंग पेरले आणि जूनमध्ये ‘मंगोलिया’ ही प्रवासी बोट त्यावर आपटून बुडाली. मुंबईत तळ असलेल्या रॉयल इंडियन मरीनमध्ये तेव्हा खलाशी बहुतेक कोकणातले, त्यातही रत्नागिरीकडचे मुसलमान. लोवेस्टॉफ्टच्या माणसांची नावे दगडावर कोरलेली आहेत. आपल्याकडची नावे शोधायची तर घरातल्या जुन्या पेट्याच उघडाव्या लागतील. कुणाच्या आजोबा-पणजोबांचे नौदलाचे सर्टिफिकेट जपून ठेवलेले असेल, तर त्यावर जहाजाचे नाव काय आहे ते वाचून पाहा आणि मला कळवा.