बुवाची बारी, यू-रॉयचा सूर

कोकणातल्या मसुऱ्याच्या भजनी बुवाला जमैकातल्या डान्सहॉल गायकाशेजारी बसवलं, तर दोघंही दचकतील. एकापुढे पेटी, बाजूला पखवाज आणि झांजा. दुसऱ्यामागे माणसाच्या उंचीचे स्पीकर. तरी दोघांचा धंदा एकच आहे: लोकांच्या कानात आधीच बसलेल्या चालीवर आपले शब्द बसवायचे, तेही प्रतिस्पर्धी समोर असताना. किंग्स्टनमध्ये १९५०च्या दशकापासून साउंड सिस्टिमवाले, म्हणजे मोठे स्पीकर लावून नाच भरवणारे, एकमेकांना आव्हान देत. १९७०मध्ये यू-रॉयने, म्हणजे युअर्ट बेकफर्डने, ‘पॅरागॉन्स’ या गटाच्या जुन्या गाण्यावर बोल टाकले आणि जमैकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत तो वर गेला. मूळ गाणं खाली वाजतच होतं. ऐकणाऱ्याला दोन्ही ओळखू येत होती, आणि मजा त्यातच होती.

डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्यातही, तेच घडतं. मसुरे-आंगणेवाडीच्या पट्ट्यात गणेश चतुर्थीला घरोघरी भजन होतं, तिथे बुवा घडतो. ‘जंगी सामना’ मात्र मंडपात. स्तवन, रूपाचा अभंग, गौळण होते आणि मग गजर येतो, तोच पुष्कळदा सिनेगीताच्या चालीवर. यावर नाक मुरडणारे म्हणतात, ही उसनवारी आहे, भजन बिघडलं. उसनवारी आहेच. पण मराठी संगीत नाटकाच्या जुन्या छापील पुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून दुसऱ्याच पदाचा उल्लेख असतो. १८८२च्या ‘सौभद्रा’तली पदं साकी-दिंडीसारख्या रूढ चालींवर चालली, म्हणून अण्णासाहेब किर्लोस्करांना कुणी चोर ठरवत नाही. चाल सर्वांची, शब्द कवीचे, ही आपली जुनीच वाटणी. बुवाला त्याच मापाने मोजावं: ओळखीच्या चालीत त्याने कोणता शब्द कुठे नेऊन बसवला?

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. डान्सहॉलमध्ये बढाई, शिवराळपणा, कमरेचे हेलकावे, इथे विठ्ठल. पण सामना आला की देवाचं नाव घेऊनही माणूस समोरच्याला चिमटे काढतोच. कलगी-तुऱ्याचे शाहीर शक्ती थोर की शिव थोर या वादावर फड रात्रभर तापवत. अध्यात्म हा तिथे सवालाचा विषय होता आणि शस्त्रही. डबलबारीचे सवाल-जवाब त्याच घरातले वाटतात. भक्ती आणि खोडी एका बैठकीत नांदू शकत नाहीत, हा समज आक्षेप घेणाऱ्यांचा आहे, मंडपातल्या माणसांचा नव्हे.

फरक आहे तो पुढच्या वाटेत. यू-रॉयचा बोल लगेच तबकडीवर गेला. १९८५मध्ये ‘स्लेंग टेंग’ या एका तालावर तर गाण्यांची रांग लागली आणि प्रत्येकाचं नाव नोंदलं गेलं. बुवाचं उत्तर प्रश्नाशी बांधलेलं असतं. पहाटे बारी सुटते, पखवाजाच्या डाव्या तोंडावरची कणीक खरवडली जाते. मोबाइलवर फिरतो तो गजराचा शेवटचा, चढत्या लयीतला तुकडा. तो कुणाच्या कोणत्या सवालावर सुटला होता, ते त्या तुकड्यात नसतं.