बाबागाडीचा प्रवास: ड्यूकच्या बागेतून गोदाकाठी

१/ संत जनाबाईंच्या गंगाखेडात रोजच्या वापरासाठी बाबागाडी निवडायची, तर तिचा रंग नंतर पाहावा. आधी तिचा इतिहास पाहावा.

२/ इ. स. १७३३ च्या सुमारास विल्यम केंट यांनी इंग्लंडात ड्यूक ऑफ डेव्हनशायर यांच्या मुलांसाठी शिंपल्याच्या आकाराची गाडी घडवली. ती ओढायला लहान जनावर जुंपत. ते वैभवाचे प्रदर्शन होते. आईच्या कष्टांशी त्याचा संबंध नव्हता.

३/ १८८९ साली अमेरिकेत विल्यम रिचर्डसन यांनी नव्या रचनेचे पेटंट मिळवले. पाळणा फिरवला की बाळाचे तोंड ढकलणाऱ्याकडे वळे. गाडी आता माणसाचा विचार करू लागली.

४/ १९६५ मध्ये ओवेन मॅक्लारेन या विमान-अभियंत्याने ॲल्युमिनियमची, छत्रीसारखी मिटणारी गाडी रचली. वजन सुमारे पावणेतीन किलो! स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या रचनेचा अनुभव येथे कामी आला.

५/ आपल्याकडचा तीनचाकी पांगुळगाडा बाळाला चालायला शिकवी. बाळाला वाहून नेण्याचा भार मात्र आई, आजी आणि थोरल्या बहिणीच्या कडेवरच राहिला.

६/ म्हणून खरी कसोटी हीच: बाळ कडेवर असताना गाडी एका हाताने मिटवून एसटीत चढता येते का? घाटाच्या पायऱ्यांवर ती उचलवते का? हलक्या गाडीची लहान चाके खड्ड्यांत अडखळतात, हेही ध्यानी घ्यावे. ब्रेक आणि पट्टे पक्के हवेत. हा भार कोणाच्या अंगावर पडणार, हे ओळखून निवड करावी.